नास्तिक असण्याने माणसाला काय मिळते आणि काय हातचे जाते?

गंगापूररोडकर (धागाकर्ता)

देव आहे की नाही, हा वाद या धाग्यावर नको, अशी सुरुवातीलाच विनंती. त्यावर आपल्याकडे भरपूर लिहून झाले आहे आणि त्यातून कोणाचे मत बदलल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. मला विचारायचे आहे ते त्याच्या पुढचे. ज्याने देव नाही असे स्वतःपुरते विचारांती ठरवले आहे, त्याच्या घरात, नोकरीत, आजारपणात, नात्यागोत्यात नेमके काय बदलते? त्याने समाजाचे भले होते की नुकसान, हा प्रश्नही तूर्त बाजूला ठेवू आणि एका माणसाच्या आयुष्यापुरतेच बोलू.

मी नाशिकचाच. ज्या शहरात रामकुंड आणि काळाराम मंदिर आहे, जवळच त्र्यंबकेश्वराचे ज्योतिर्लिंग आहे आणि दर 12 वर्षांनी सिंहस्थ भरतो, तिथे नास्तिक असणे ही निव्वळ खासगी बाब राहत नाही. घरी मुक्कामाला येणारा पाहुणा त्र्यंबकचे दर्शन आधी ठरवूनच निघालेला असतो आणि त्याला तिथे नेणे हे यजमानाचे कर्तव्य असते. मी नेतो, रांग संपेपर्यंत कुशावर्तापाशी थांबतो आणि परतीच्या वाटेवर प्रसादही घेतो. त्यात मला कधी अडचण वाटली नाही. अडचण येते ती वेगळ्या ठिकाणी.

या सगळ्या वर्षांत माझे असे मत झाले आहे की नास्तिक असण्याचा फायदा रोज थोडाथोडा मिळत राहतो, इतका थोडा की तो मिळतो आहे याची जाणीवही राहत नाही. तोटा मात्र क्वचितच होतो, पण तो एकरकमी होतो आणि नेमका अशा वेळी होतो, जेव्हा माणूस आधीच खचलेला असतो.

आधी फायद्याचे सांगतो. पत्नीच्या मोठ्या आजारपणात आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक तिसऱ्या माणसाने पत्रिका दाखवण्याचा सल्ला दिला. पत्रिकेत कालसर्प योग असल्याचेही कोणीतरी शोधून काढले, त्र्यंबकला 3 दिवसांचा नारायण नागबळी करा असे दुसऱ्याने सुचवले. सगळे ग्रह राहू आणि केतू यांच्या मध्ये आले की कालसर्प होतो म्हणतात. आणि राहू-केतू हे मुळात ग्रहच नाहीत, चंद्राची वाट सूर्याच्या भासमान वाटेला जिथे छेदते ते दोन बिंदू आहेत. ही माहिती शाळकरी आहे, परंतु त्या दिवसांत तिचा मला किती आधार झाला हे सांगता येणार नाही. पैसे वाचले हा भाग गौण आहे. खरी सुटका ही की ‘आपल्याच घरात हे का आले, आपले काय चुकले, कोणत्या पूर्वजाचे राहिले’ या प्रश्नांच्या फेऱ्यात आम्ही दोघे सापडलो नाही. आजाराला कारण होते, ते तपासण्यांत दिसत होते आणि त्यावर उपचार होते. जे हाती होते ते केले आणि जे हाती नव्हते त्याची अपराधी भावना बाळगली नाही. माझ्या माहितीतली एक बाई मूल गेल्यानंतर कित्येक वर्षे एक मोडलेला उपवास आठवून स्वतःला दोष देत राहिली. त्या यातनेपासून माणूस वाचतो, एवढा एकच फायदा असता तरी मी तो पुरेसा मानला असता.

आता तोटा. त्याच आजारपणात शस्त्रक्रियेच्या वेळी बाहेरच्या बाकावर माझे मेहुणे माझ्या शेजारी बसले होते. त्यांच्या हातात जपमाळ होती, अंगठा आणि मधले बोट यांमधून मणी एका लयीत सरकत होते आणि प्रत्येक फेरीनंतर मेरुमण्यापाशी ते क्षणभर थांबून माळ उलटी फिरवत होते. त्यांचा श्वास हळूहळू संथ झालेला मला दिसला. माझ्या हातांना काहीच काम नव्हते. मी भिंतीवरच्या अग्निशमनाच्या सूचना वाचत बसलो. देवाने शस्त्रक्रिया यशस्वी केली असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही, परंतु ते काही तास मेहुण्यांना माझ्यापेक्षा सोपे गेले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

दुसरा प्रसंग वडिलांच्या दशक्रियेचा. मी थोरला मुलगा. विधी करणार नाही हे मी वडिलांना त्यांच्या हयातीतच सांगितले होते आणि त्यांनी ते मान्यही केले होते, म्हणून धाकट्या भावाने केले. गोदाकाठी पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. एकेक जण पुढे होऊन ‘मुलांची काळजी घेऊ, आईला सांभाळू’ असे म्हणू लागला. बराच वेळ गेल्यावर आत्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘थोरल्याने हात लावला नाही, म्हणून जीव अडकलाय त्याचा.’ त्यावर मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे माझ्याकडे पुष्कळ होते, पण वडील गेलेल्याला जेमतेम दहा दिवस झाले होते. कावळा नंतर आला, परंतु आत्यांशी असलेले माझे नाते पुन्हा पूर्वीसारखे झाले नाही.

आपल्याकडे याची परंपरा जुनी आहे. आगरकरांची तर त्यांच्या हयातीतच प्रेतयात्रा काढली गेली. आणि 1895 साली, चाळिशीही न गाठता ते गेले, तेव्हा स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवलेले निघाले. त्यांच्या मानाने आमचे सोसणे काहीच नाही. तरीही सोसण्याला शेवटी स्वतःची जागा असतेच, म्हणून हा धागा काढला. दोन्ही बाजूंच्या लोकांनी आपापले अनुभव लिहावेत.

जुना पंचवटीकर

धागाकर्त्यांनी संयमाने लिहिले आहे, म्हणून मीही तसेच लिहितो. मी आस्तिक आहे, निवृत्त शिक्षक आहे, आणि आयुष्यभर विज्ञानच शिकवले आहे.

तुमच्या लिखाणात श्रद्धेचे जे चित्र आहे, त्यात माणूस देवाकडे काहीतरी मागतो आहे किंवा त्याला भीत आहे. असे लोक आहेत, मी नाकारत नाही. परंतु आमच्या भजनी मंडळात पंधरा-वीस जण आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांनी मागणे केव्हाच सोडले आहे. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकला जातात, तेव्हा थंडीत पहाटे चालणाऱ्या माणसाला काय हवे असते? त्याला चालायचे असते, गायचे असते, आणि आपण एकटे नाही हे अनुभवायचे असते. तुकोबांनीही देवाशी भांडण मांडले, हिशेब मांडला नाही.

माझी पत्नी गेली त्यानंतर महिनाभर मंडळातले कोणी ना कोणी रोज संध्याकाळी घरी येत होते. कोणी बोलायचे, कोणी नुसते बसायचे. कोणाला बोलवावे लागले नाही, कारण मंगळवारचे भजन होतेच आणि त्या महिन्यात ते माझ्या घरी हलवले गेले. माझा प्रश्न तुम्हाला दुखावण्यासाठी नाही: नास्तिकाच्या घरी असे कोण येते? तुम्ही बाकावर एकटे बसला होतात, याचे कारण तुमच्याकडे देव नव्हता हे, की तुमच्याकडे मंडळ नव्हते हे?

गंगापूररोडकर (धागाकर्ता)

सर, प्रश्न नेमका आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी 1897 साली आत्महत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात त्यांनीही जवळपास हेच मांडले होते की धर्म माणसाला सावरतो तो त्यातल्या सिद्धान्तांमुळे नव्हे, तर त्या निमित्ताने माणसे एकमेकांशी बांधलेली राहतात म्हणून. मला ते पटते. मात्र त्यातून निघणारी गोष्टही लक्षात घ्या: बांधणारी वस्तू देव नसेल, माणसेच असतील, तर नास्तिकालाही ती मिळू शकतात. आपोआप मिळत नाहीत, एवढाच फरक. तुम्हाला ती जन्माबरोबर मिळतात, आम्हाला जमवावी लागतात, आणि बहुतेक जण ती जमवायची राहून गेलेली असतानाच संकटात सापडतात.

सिडकोतली सून

धागाकर्त्यांचे ‘फायदा रोज, तोटा क्वचित’ हे सूत्र वाचले आणि मला असे वाटले की हा पुरुषाचा अनुभव आहे. माझ्या घरात ते अगदी उलटे आहे.

मी आणि माझे पती दोघेही देव मानत नाही. लग्नाआधी दोघांनी हे एकमेकांना सांगितले होते, किंबहुना जवळ येण्याचे ते एक कारण होते. सासरी गौरी-गणपती असतात. गौरींच्या जेवणाच्या दिवशी 16 भाज्या, पुरण, घाटले, पडवळाची कढी, सगळे सोवळ्यात. पहाटे चारला उठून सासूबाई आणि मी ओट्याशी उभ्या राहतो. पती म्हणतात, ‘मी मानत नाही,’ आणि पेपर वाचत बसतात. त्यांचे हे वाक्य घरात मान्य झालेले आहे, नातेवाईक कौतुकानेही सांगतात की आमचा मुलगा पहिल्यापासून स्वतंत्र विचारांचा. तेच वाक्य मी एकदा म्हटले, तेव्हा माहेरच्या संस्कारांची चर्चा झाली. म्हणजे देव न मानण्याची सवलत त्यांना मिळाली आणि देव न मानण्याची मेहनत माझ्या वाट्याला आली. ज्या पूजेवर माझा विश्वास नाही तिचा सगळा स्वयंपाक मी करते, कारण मी हात काढून घेतला तर तो भार सत्तरीच्या सासूबाईंवर पडतो, त्यांच्या मुलावर पडत नाही.

घरातली धार्मिकता ही बहुतांशी बायकांच्या श्रमावर उभी असते, त्यामुळे नास्तिकतेची किंमतही बाईलाच जास्त मोजावी लागते, हे या चर्चेत कोणीतरी लिहायला हवे होते.

फायदेही लिहिते, कारण ते खरे आहेत. पाळीच्या दिवसांत मी देवघराजवळून जाते आणि माझ्या मनात काहीही येत नाही. माझ्या आईच्या मनात मरेपर्यंत येत होते. वडील गेल्यानंतर तिने हळदी-कुंकवाला जाणे स्वतःहून सोडले. कोणी अडवले नव्हते, तिला स्वतःलाच आपण अशुभ वाटत होतो. त्या भावनेतून मी पूर्णपणे सुटले आहे. माझ्या मुलीला तर ती भावना काय असते हेही ठाऊक नाही, आणि हे मला माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे यश वाटते.

अंबडचा तंत्रज्ञ

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी कारखान्यातला अनुभव लिहितो.

आमच्याकडे खंडेनवमीला सगळी यंत्रे धुऊन-पुसून झेंडूच्या माळा घातल्या जातात आणि पूजा होते. मी वर्षभर ज्या यंत्रावर काम करतो ते मन लावून स्वच्छ करतो, तेल-ग्रीस बघतो, आरतीच्या वेळी मागे उभा राहतो. यावरून कोणी कधी काही बोलले नाही.

परंतु मागे एका ठिकाणी कामाला असताना पॉवर प्रेसवर एका मुलाची दोन बोटे गेली. मालकांनी आठवड्याभरात यंत्राची शांती करवून घेतली. त्या प्रेसला दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची दोन बटणे होती. दोन्ही हात बटणांवर गुंतलेले असले की हात साच्यात जाऊच शकत नाही, अशी ती सोय असते. नगांचा आकडा गाठण्यासाठी एक बटण पत्र्याची पाचर मारून कायमचे दाबून ठेवले होते आणि एक हात मोकळा करून घेतला होता. हे सगळ्यांना दिसत होते. शांतीनंतरही पाचर तशीच होती. मी ती काढली, फोटो काढला आणि लेखी दिले. त्यावरून वाजले आणि शेवटी मला ती नोकरी सोडावी लागली.

पूजा करणारा माणूस पाचर काढू शकत नाही असे मी म्हणत नाही. पुष्कळ श्रद्धाळू फिटर माझ्यापेक्षा जास्त काळजी घेतात. माझ्यापुरते एवढेच खरे आहे की कोप, दृष्ट, साडेसाती ही उत्तरे माझ्याकडे उपलब्धच नसल्यामुळे मला यंत्राकडे पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. याला मी नास्तिकतेचा फायदा मानतो, नोकरी गेली तरीही.

नाशिकरोडचा वाचक

चर्चा चांगली चालली आहे, पण सगळ्यांचा नास्तिक हा एकटाच घराबाहेर पडलेला माणूस दिसतो. आमच्याकडे तसे नाही.

2 मार्च 1930 रोजी याच शहरात बाबासाहेबांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते तो लढा 1934 पर्यंत लढवत राहिले, आणि मंदिराचे दार उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि 1956 साली नागपूरला धम्म स्वीकारला. 22 प्रतिज्ञांतली पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही अशी आहे. माझ्या आजोबांनी ती घेतली. त्यामुळे आमच्या घरात देव नसणे ही कोणा एका व्यक्तीची वैचारिक निवड नव्हती. अख्ख्या वस्तीने ती एकत्र केली. आमच्याकडे माणूस गेला की त्रिसरण-पंचशील होते, विहारातली माणसे येतात, जलदान आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. पंचवटीकर सरांनी विचारलेले मंडळ आमच्याकडे आहे आणि त्यात ईश्वर नाही.

दुसरी एक बाब स्पष्ट लिहितो. सवर्ण घरातल्या नास्तिकाला त्याचे आडनाव, नातेवाइकांचे जाळे, भाड्याचे घर मिळताना होणारी सोय, हे सगळे देव सोडल्यानंतरही मिळत राहते. देव सोडता येतो. जात मात्र समोरचा माणूस ठरवतो. माझ्या मुलाने स्वतःला निधर्मी म्हणवून घेतले तरी घरमालक आडनाव विचारायचे थांबत नाही. म्हणून आमच्यातल्या काही तरुणांना ‘मी फक्त नास्तिक, बाकी काही नाही’ ही भूमिका मोहक वाटत असली तरी मला ती अपुरी वाटते. वैयक्तिक फायद्या-तोट्याचा हिशेब करताना प्रत्येकजण कोठून निघाला हे मांडले पाहिजे.

आणि हेही नमूद करतो की आमच्या वस्तीतून आजही काही जण चैत्रात गुपचूप वणीच्या सप्तशृंगी देवीच्या गडावर जातात. त्यांना मी दोष देत नाही. दुखणे घरात असले की माणूस जाईल तिथे जातो.

कोर्टाच्या पायरीवरून

व्यवसायाने वकील आहे. नास्तिकाला कायद्याने काय अडते आणि काय अडत नाही, यासंबंधी लोकांत बरेच गैरसमज असल्यामुळे लिहितो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 मध्ये सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिलेले आहे आणि त्यात धर्म न मानण्याचाही समावेश होतो. नाशिकमधल्याच एका शिक्षकांनी शाळेच्या प्रार्थनेला हात जोडले नाहीत, त्यावरून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2013 साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. अशी सक्ती करता येत नाही असे न्यायालयाने म्हटले. पुढे 2014 साली त्याच न्यायालयाने असेही स्पष्ट केले की सरकार कोणालाही धर्म सांगण्याची किंवा लिहिण्याची सक्ती करू शकत नाही आणि ‘माझा कोणताही धर्म नाही’ असे सांगण्याचा नागरिकाला अधिकार आहे. साक्ष देताना ईश्वराची शपथ घ्यायची नसेल तर 1969 च्या शपथ अधिनियमाप्रमाणे गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. त्यामुळे साक्षीचे मोल कमी होत नाही.

लग्न धार्मिक विधीविना करायचे असेल तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात 30 दिवसांची नोटीस लावावी लागते आणि घरचा विरोध असलेल्या जोडप्यांना तीच सर्वांत जड जाते.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. हिंदू घरात जन्मलेला माणूस देव मानेनासा झाला तरी वारसा, दत्तक यांबाबत त्याला हिंदू कायदाच लागू राहतो. केवळ देव न मानल्यामुळे वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा जात नाही. ‘विधी केला नाहीस, आता घरात हक्क सांगू नकोस’ असे कोणी म्हणत असेल, तर त्या बोलण्याला कायद्याचा आधार नाही. माझ्याकडे या धमकीने घाबरलेली माणसे आलेली आहेत, म्हणून मुद्दाम लिहिले.

दोन मुलांची आई

मुलांचे काय करता, हे कोणी लिहील का? माझी मोठी सात वर्षांची आहे. मैत्रिणीच्या आजी गेल्या, त्या ‘देवाकडे गेल्या’ असे तिला सांगण्यात आले आणि तिने मला विचारले की आपली आजी गेली तर कुठे जाणार. मला उत्तर देता आले नाही. देवाचे नाव घेऊन मुलाची समजूत किती सहज काढता येते, हे त्या दिवशी कळले.

सिडकोतली सून

@दोन मुलांची आई, माझ्या मुलीला मी खरे तेच सांगितले होते: माणूस मेला की त्याचे शरीर थांबते, तो कुठे जात नाही, आपल्याला त्याची आठवण येते आणि त्या आठवणीने रडू येते, ते ठीक आहे. ती थोडी रडली, मग आजीचे फोटो काढून बसली. मुलांना ‘कुठे गेली’ यापेक्षा ‘तू तर जाणार नाहीस ना’ हे विचारायचे असते, असा माझा अनुभव आहे. त्या प्रश्नाला जवळ घेऊन बसणे हेच उत्तर असते आणि ते आस्तिक आईलाही तसेच द्यावे लागते. गणपती, दिवाळी, रंगपंचमीच्या रहाडी (रंगीत पाण्याचे हौद) यांतले काहीही मी मुलीपासून तोडलेले नाही. रहाडीत उडी मारायला देव मानावा लागत नाही.

अतिदक्षता विभागातून

मी परिचारिका आहे आणि अनेक मृत्यू जवळून पाहिले आहेत. आस्तिक माणूस शांतपणे जातो आणि नास्तिक तळमळत जातो, असा काही नियम मला दिसलेला नाही. ज्याच्या वेदना आटोक्यात असतात आणि ज्याचा हात कोणीतरी धरलेला असतो, तो शांतपणे जातो. घाबरलेले श्रद्धाळू मी पाहिले आहेत. पापाचा झाडा द्यावा लागेल या धास्तीने रात्रभर जागे राहणारे. शेवटपर्यंत निश्चिंत असलेले नास्तिकही पाहिले आहेत.

अडचण येते ती मागे राहिलेल्यांची. नास्तिकाच्या घरात पुढे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नसते. श्रद्धाळू घरात फोन केला की भटजी, लाकडे, कावळा, तेरावा, सगळे क्रमाने होते आणि सुन्न माणसांना त्या क्रमाचा आधार मिळतो. त्यामुळे नास्तिकांना माझी विनंती अशी की आपला क्रम आधी लिहून ठेवा. नेत्रदान करायचे असेल तर ते मृत्यूनंतर साधारण 6 तासांच्या आत व्हावे लागते, तोवर पंखा बंद ठेवून डोळ्यांवर ओला कापूस ठेवतात आणि डोके किंचित उंच ठेवतात. देहदानाचा अर्ज भरला असला तरी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला कळवणे नातेवाइकांच्याच हातात असते. त्यांनी नको म्हटले तर तुमची इच्छा कागदावरच राहते. पोलीस केस झालेला किंवा शवविच्छेदन झालेला देह सहसा स्वीकारत नाहीत, म्हणून दुसरा पर्यायही लिहावा. आणि कागद कपाटात कुलूपबंद ठेवू नका. मी असे एक घर पाहिले आहे, जिथे इच्छापत्र अस्थी विसर्जनानंतर सापडले.

जुना पंचवटीकर

वरचा प्रतिसाद माझ्यासारख्यांनाही उपयोगी आहे. धागाकर्त्यांना एक विचारतो. तुमच्या मातोश्री हयात आहेत आणि श्रद्धाळू आहेत, असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते. त्यांचे काही झाले तर तुम्ही काय करणार? पुन्हा धाकट्या भावालाच पुढे करणार का?

गंगापूररोडकर (धागाकर्ता)

सर, आईशी यावर बोलणे झाले आहे. तिला रामकुंडावर विधी हवा आहे आणि तो दोन्ही मुलांनी करावा असे वाटते. मी करणार आहे. वडिलांनी मला मोकळे केले होते, आईने केलेले नाही. आणि देह तिचा आहे, निरोप तिचा आहे, तेव्हा तो कसा असावा हे तिने ठरवावे. माझ्या देहाचे मी ठरवले आहे आणि परिचारिका ताईंनी सांगितल्याप्रमाणे तो कागद आता मुलीकडे आणि भावाकडेही देतो. विधी केल्याने माझे मत बदलणार नाही आणि ते बदलले असे मी कोणाला वाटूही देणार नाही. आमच्या चळवळीतल्या काही मित्रांना ही तडजोड वाटेल. मला वाटत नाही, कारण माझ्या नास्तिकतेचा सगळा आधार हाच आहे की माणसाचे सुखदुःख खरे आहे आणि बाकीचे नंतर.

सिडकोतली सून

@गंगापूररोडकर, तुमचा निर्णय समजतो आणि त्यामागचे प्रेमही. परंतु ‘माणसाचे सुखदुःख खरे’ हे तत्त्व घरातल्या बाकीच्या माणसांनाही लागू करून पाहावे. तुमच्या आईच्या इच्छेखातर तुम्ही एकदा घाटावर बसाल. तिच्याच इच्छेखातर तुमच्या पत्नी इतकी वर्षे दर महिन्याला, दर सणाला काय काय करत आल्या असतील, आणि त्यांना ते पटत होते का, हे त्यांना कधी विचारले आहे का? तुमच्या पहिल्या मजकुरात त्यांचे आजारपण आहे, त्यांचे मत नाही. त्या आस्तिक आहेत की नास्तिक, हेही आम्हाला कळलेले नाही.

गंगापूररोडकर (धागाकर्ता)

तुमचा प्रतिसाद पत्नीला वाचायला दिला. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत देतो, तिच्या संमतीने:

‘मी देव मानते, पण यांच्याइतके ठाम मला काही म्हणता येत नाही. आजारपणात मी मनातल्या मनात सप्तशृंगीचे नाव घेत होते आणि ते यांना सांगितले नाही, कारण यांना वाईट वाटेल असे वाटले. पत्रिका आणि नागबळीपासून यांनी मला वाचवले, त्याचे मला खरोखर बरे वाटले. ते लोक घरात येऊन बोलायचे तेव्हा मला भीती वाटायची. सणाचे म्हणाल तर स्वयंपाकाचा त्रास आहेच आणि यांची मदत नव्हती. आता यांना पुरण वाटता येते. वणीला मात्र मला जायचे आहे, आणि बाहेर न थांबता यांनी माझ्यासोबत पायऱ्या चढाव्यात. हात जोडले नाहीत तरी चालेल.’